म्हशीची साक्ष

साक्षीपट्ट्यानं हिंदुराव चाळक्यांना गुन्हेगार ठरवलं, तेव्हा प्रणिता बनसोडे त्यांच्याच गोठ्यात शेणात बसून हसत होती.

हसू भीतीचं होतं. थोडक्यात जीव वाचला की काही माणसं रडतात, काही हसतात, प्रणिता हसणाऱ्यांपैकी. समोरच्या लाकडी मेढीची टीचभर ढलपी उडाली होती आणि ती दांडगी म्हैस अजून फुरफुरत होती. लसीची सुई मानेत शिरली न शिरली तोच तिनं शिंग फिरवलं होतं. ते शिंग मेढीवर आदळायच्या आधी तिथं प्रणिताच्या बरगड्या होत्या. हिंदुरावांनी मागून तिचा दंड धरून तिला अशी काही हिसडली की ती थेट गव्हाणीखाली जाऊन पडली. हिसडता हिसडता म्हशीवर ओरडले, "तुझा मुडदा बशिवला तुझा!"

"लागलं का वं, डॉक्टरीणबाई?" साठी ओलांडलेल्या हिंदुरावांनी विचारलं.

"नाही हो काका. कपड्यांची वाट लागली तेवढी."

तेवढ्यात तिच्या डाव्या दंडावर तीनदा थरथर झाली. बाहीखालून लाल उजेड झिरपला आणि एक गोड बायकी आवाज म्हणाला, "हल्ल्याची नोंद झाली आहे. घाबरू नका. मदत निघाली आहे."

हिंदुरावांनी इकडंतिकडं पाहिलं. "कोन बोललं?"

"पट्टा," प्रणिता म्हणाली, आणि तिचं हसू तिथंच आटलं.

पाऊण तासात पोलिसांची गाडी वरच्या खडकवाडीत आली. प्रणितानं फौजदारांना सगळं सांगितलं, मेढ दाखवली, म्हैस दाखवली. फौजदार भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं खरं असेल हो. पण नोंद पडली की आमच्या हातात काही उरत नाही. आणि हा कायदा तुमच्याच लोकांनी मागून घेतलाय."

हिंदुरावांची बायको मालनकाकी दारात उभी राहून नवऱ्याला नेणारी गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. प्रणिताकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

*

कायदा मागून घेतला होता, हे खरंच. आणि मागणाऱ्यांत प्रणिता सगळ्यात पुढं होती, हे तर त्याहून खरं.

प्रणिता पशुधन पर्यवेक्षक. सरकारी भाषेत असा हुद्दा. वाडीवस्तीवर सगळे डॉक्टरीणबाईच म्हणतात. तिची सहकारी मैत्रीण नसीम मुजावर शेजारच्या पशुवैद्यकीय केंद्रात. सहा वर्षांपूर्वी एका गावपुढाऱ्यानं मेलेल्या गाईचा खोटा दाखला मागितला, नसीमनं दिला नाही, तेव्हा भर चावडीपुढं त्यानं तिला काठीनं मारलं. दोन दात पडले. चाळीस माणसं बघत होती आणि कोर्टात एकानंही काही पाहिलेलं नव्हतं. शेवटी नसीमच्या सासऱ्यांवर इतकं दडपण आलं, की तिनंच तक्रार मागं घेतली. सरकारी नोकरावर कामावर असताना हात टाकणं हा गुन्हा पूर्वीपासूनच होता. पण साक्षीदाराशिवाय गुन्हा म्हणजे दोरीशिवाय पोहरा.

मग पर्यवेक्षकांच्या संघटनेनं आंदोलन केलं आणि पट्टा आला. कॅमेरा नको, असं संघटनेनंच सांगितलं. आपण लोकांच्या घरात शिरतो, त्यांच्या चुलीपर्यंत कॅमेरा कसा न्यायचा? म्हणून दंडावरचा चार बोटं रुंद पट्टा. त्याच्या आतल्या विणीला बोटांची पकड कळते, म्हणजे कुणी नुसता स्पर्श केला की आवळून धरलं ते. एक चकती झटका मोजते, कोणत्या दिशेनं आणि किती जोराचा. दुसरी चकती नाडी आणि घाम बघते. बारीकसा कान आवाज टिपतो. हे सगळं मिळून पट्टा ठरवतो की झालं ते काय झालं. त्याला शिकवायला नटांकडून हजारो खोट्या मारामाऱ्या करून घेतल्या होत्या. आवळलेली पकड, जोराचा हिसका, पडणं, धडधडणारं काळीज आणि वर शिवी, एवढं एका ओळीत आलं की हल्ला. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा त्याचं बरोबर येई.

आणि उरलेले तीन? ते तीन म्हणजे कुणीतरी हिंदुराव, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यातही संघटनेनं एक कलम हट्टानं घालून घेतलं होतं. नसीमसारखी पाळी पुन्हा कुणावर यायला नको, म्हणून पट्टा घालणाऱ्याला नोंद मागं घेता येणार नाही. "हल्ला झालाच नव्हता," असं त्यानं सांगितलं तरी ते कोर्टानं ऐकायचं नाही. दडपणाखाली बोलतोय असंच धरायचं. नोंद खोटी ठरवायची तर दुसऱ्या एखाद्या यंत्राचा पुरावा हवा, तोही तीस दिवसांत. तोवर जामीन नाही. तीस दिवस उलटले की नोंद पक्की, आणि मग शिक्षा किती एवढाच प्रश्न. जास्तीत जास्त पाच वर्षं.

त्या कलमाचा मसुदा प्रणितानं स्वतःच्या हातानं लिहिला होता. अक्षर चांगलं म्हणून.

*

बातमी डोंगर उतरायला एक दिवस पुरला.

चौथ्या दिवशी प्रणिता दुसऱ्या एका वाडीवर गेली. गोठ्यापुढं ओढा, ओढ्यावर दोन ओंडके टाकलेले. एरवी कुणीही पुढं येऊन, "द्या बाई हात," म्हणायचं. त्या दिवशी पलीकडं चार बाप्ये उभे होते, चौघांचे हात पाठीमागं. ओंडका हलला, प्रणिताचा पाय घसरला आणि ती कमरेइतक्या पाण्यात गेली. लसीचा डबा तिनं डोक्यावर धरला म्हणून वाचला.

"अहो, हात द्या की!"

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. एक म्हातारी घरातून भाल्यागत लांब वेळू घेऊन आली आणि तिनं त्याचं टोक पुढं केलं. "ह्येला धर बाय. वाईट वाटून घिऊ नगंस. माज्या लेकाला दोन पोरी हायत."

गोठ्यात जनावर धरायलाही कुणी थांबलं नाही. मालक गाय बांधून वीस पावलं लांब जाऊन बसला. एकट्या बाईनं मान दाबायची, कातडी चिमटायची आणि सुईही मारायची, हे कसं जमावं? दिवसाला साठ जनावरं टोचणारी प्रणिता त्या दिवशी अकरावर थांबली. ओल्या कपड्यांनी स्कूटरवर बसताना तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. तिची आजी सांगायची, आमच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, भांडं टेकवायचे नाहीत. ते दिवस गेले म्हणून घरानं केवढं समाधान मानलं होतं. आणि आता सरकारी पट्टा बांधून नात पुन्हा तिथंच आली होती. कारण निराळं, वेळूचं अंतर तेवढंच.

त्या पट्ट्यानं रक्षण केलं हे खरं. पण आता तिच्या अंगाला हात लावायलाच कुणी धजत नव्हतं.

स्कूटर सुरू करता करता तिला गोठ्यातल्या गाईच्या कानातला पिवळा बिल्ला दिसला, आणि तिनं चावी परत फिरवली.

*

जनावराच्या कानात बिल्ला टोचणं हे प्रणिताचं रोजचं काम. पूर्वी त्यावर नुसता आकडा असे. आता त्यात वाटाण्याएवढं यंत्र असतं. जनावर किती वेळ रवंथ करतं, किती मान हलवतं, अंग किती तापलंय, हे ते टिपत राहतं. म्हैस माजावर आली की दूध संघाला म्हशीच्या मालकाआधी कळतं. म्हणजे त्या दिवशी हिंदुरावांच्या म्हशीनं मान झटकून शिंग कधी फिरवलं, किती जोरात फिरवलं, कोणत्या बाजूला फिरवलं, ते सगळं तिच्याच कानात लिहिलेलं होतं. बिल्ला डोक्यावर, शिंगही डोक्यावर. याहून जवळचा साक्षीदार कुठला?

हिंदुरावांचे वकील नलवडे, कायदा मदत केंद्रातले, ऐकून खुर्चीतून उठलेच. मग बसले. "बाई, बिल्ल्याची फाईल मागवली की अख्ख्या गोठ्याची येते. आणि तिच्यासोबत लसीकरणाची नोंदही येते. त्या दिवशी लस किती वाजता टोचलीत?"

"अकराला आठ कमी."

"आणि नोंद कितीची आहे?"

"दहा-सातची," प्रणिता म्हणाली.

आता ही गोष्ट या खात्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवी. पट्ट्याला सरकारनं उपग्रहाची जोडणी दिली. तो डोंगराच्या बुडाशीही बोलतो. पण लसीची नोंद करायच्या टॅबला मोबाइलची रेंज लागते, आणि वाड्यांवर रेंज असते एखाद्याच जागी. वरच्या खडकवाडीत ती शाळेच्या पायरीवर आहे. नोंद त्याच दिवशी, जागेवरूनच भरायची असा नियम. म्हणून सगळ्या पर्यवेक्षकांची एक रीत पडून गेलेली: वाडीत शिरताना रेंजच्या जागी उभं राहायचं, सगळ्या जनावरांची नोंद एका दमात भरायची, 'लस दिली' वर टिचकी मारत जायचं, आणि मग गोठ्यागोठ्यात जाऊन खरोखर टोचायचं. आधी भरायचं, मग टोचायचं. कुणी चोर नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळी जनावरं टोचली जायचीच.

त्या दिवशी मात्र गेली नाहीत. प्रणितानं दहा वाजून सात मिनिटांनी एक्केचाळीस जनावरं भरली. टोचून झाली होती बारा, तेरावी ती म्हैस. मग पोलीस आले. त्यानंतर खडकवाडीनं तिला गोठे उघडलेच नाहीत. अठ्ठावीस जनावरं कागदावर सुरक्षित होती आणि गोठ्यात उघडी.

"सरकारी वकील काय म्हणणार ते आत्ताच सांगतो," नलवडे म्हणाले. "म्हणणार, नोंद सांगते दहा-सात, बिल्ला सांगतो दहा-बावन्न. म्हणजे बिल्ल्याचं घड्याळ पाऊण तास चुकतंय. यंत्र बिघडलेलं, पुरावा बाद. बिल्ला टिकायचा असेल तर तुमची नोंद खोटी, असं कुणीतरी सांगायला हवं. आणि ते सांगणारं जगात एकच माणूस आहे."

"माझी नोकरी जाईल."

"निलंबन तर नक्कीच. खोटी सरकारी नोंद केल्याचा गुन्हाही दाखल होईल. मी तुमचा वकील नाही, पण खोटं सांगत नाही."

*

तालुक्याचे पशुधन अधिकारी डॉ. उमराणीकर यांनी दार लावून घेतलं.

"वेडी आहेस का तू? एक फाईल उघडली की जिल्ह्यातल्या सगळ्यांच्या नोंदी उघडतील. सगळे असंच भरतात. मीही भरायचो!"

"म्हणूनच सांगायला हवं ना, सर? खाली नदीकाठी लाळ्या-खुरकुताची साथ दिसलीय. खडकवाडीची अठ्ठावीस जनावरं कागदावर टोचलेली आहेत, म्हणून तिथं कुणी जाणारच नाही."

"मी पाठवतो कुणाला तरी गुपचूप."

"नोंद असताना लस कशी सुटेल डेपोतून?"

उमराणीकरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला चौदा महिने राहिलेला माणूस होता. "चाळके सुटतील गं पुढं-मागं. वरच्या कोर्टात. तू कशाला सुळावर चढतेस?"

"पुढं-मागं म्हणजे किती वर्षं, सर?"

उमराणीकरांनी चष्मा परत घातला आणि दार उघडलं.

नसीमचं बोलणं प्रणिताला त्याहून जास्त लागलं. केंद्राच्या ओट्यावर दोघी डबा खायला बसल्या होत्या. नसीमनं सगळं ऐकलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

"तुझा म्हातारा सुटेल. छान. मग उद्या ज्यानं खरोखर मारलंय तोही म्हणेल, पट्टा चुकतो, बघा त्या बनसोडेबाईच्या वेळी चुकला होता. तेव्हा मी काय करू? पुन्हा चाळीस आंधळे गोळा करू?"

"नसीम, त्यांनी मला वाचवलं."

"मला माहीत आहे. म्हणून तर तोंडात शिवी येत नाही." तिचे डोळे भरले होते. "पट्टा आल्यापासून मी एकटी वाडीवर जाते. त्याआधी दोन वर्षं सासरे बरोबर यायचे, लहान पोरीला आणतात तसे. तू हे मोडू नकोस."

"मोडत नाही. त्यानं अर्धंच ऐकलंय, उरलेलं अर्धं म्हशीनं ऐकलंय. दोन्ही ऐकायला लावणार."

"आणि तुझं काय?"

"माझं मी निस्तरीन."

नसीम उठून गेली. त्यानंतर तिनं प्रणिताचा फोन उचलला नाही.

*

बिल्ल्याची फाईल फक्त मालकाला मिळते. हिंदुराव तुरुंगात, म्हणजे मालनकाकीचा अंगठा हवा.

वाडीत शिरताना प्रणितानं पट्टा काढून स्कूटरच्या डिकीत टाकला. कामाच्या वेळेत पट्टा काढणं हाही नियमभंगच; पण आता एवढे साठलेत, त्यात आणखी एक, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

मालनकाकी ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काकी, मी आलेय."

"दिसतंय की. आता कुनाला न्यायचं ऱ्हायलंय?"

"काकांना परत आणायचंय."

"तूच नेलास आन् तूच आननार. बरंय तुजं." एक शेंग फुटली, दुसरी फुटली. "सतरा दीस झालं. म्हस धार देत न्हाय. त्यांच्याबिगर कासंला हात लावू देत न्हाय ती. मी म्हन्ते, लावू नगंस. तुज्यापायीच ग्येला त्यो."

प्रणितानं टॅब पुढं केला आणि सगळं सांगितलं. बिल्ला काय टिपतो, कोर्टात काय दाखवायचं. आणि नोंदीचंही सांगितलं. तुमच्या गोठ्यातली बाकीची तीन जनावरं मी न टोचताच भरलीत, हेही लपवलं नाही.

मालनकाकीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजी तू खोटं लिवलंस."

"हो."

"आन् आता कोर्टात जाऊन सांगनार, मी खोटं लिवलं?"

"हो."

"तुजी नोकरी?"

"जाईल बहुतेक."

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पदराला अंगठा पुसला आणि काचेवर असा दाबला, की टॅब हलला. "ध्यान करून सांग तिथं. आन् अर्ध्यात कच खाल्लीस, तर ह्या उंबऱ्यावर पाय ठिवू नगंस."

*

तेविसाव्या दिवशी जिल्ह्याच्या कोर्टात सुनावणी झाली. हिंदुराव पिंजऱ्यात उभे होते, टोपीशिवाय. त्यांना टोपीशिवाय प्रणितानं पहिल्यांदाच पाहिलं. मागच्या बाकावर उमराणीकर बसले होते, भिंतीकडं बघत.

नलवडेंनी भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेषा लावल्या. वरची पट्ट्याची, खालची म्हशीच्या बिल्ल्याची. न्यायाधीशबाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी विचारलं, "दोन घड्याळं वेगळी. जुळवणार कशी?"

"आवाजानं, बाईसाहेब. शिंग मेढीवर आदळलं, तो धप्पकन झालेला आवाज पट्ट्याच्या कानानं टिपलाय. पट्ट्यानं तो मोजला नाही, कारण त्याच्या दृष्टीनं हल्ला तेव्हा संपला होता. त्याच क्षणी म्हशीचं डोकं एकदम थांबलं, हे बिल्ल्यानं टिपलंय. हे दोन क्षण एकमेकांवर ठेवा."

पडद्यावर खालची रेष सरकत आली आणि जागेवर बसली. आता सगळं एका ओळीत दिसत होतं. सुई टोचल्यावर म्हशीची मान थरथरली. पाऊण सेकंदानं डोकं उजवीकडं सुटलं. ते सुटल्याबरोबर पट्ट्यावर बोटांची पकड आली आणि हिसका बसला, म्हशीपासून लांबच्या दिशेनं. त्यानंतर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात धप्प. नलवडेंनी पट्ट्याचा आवाज लावला. "तुझा मुडदा बशिवला तुझा!" कोर्टात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

सरकारी वकील उठले. अपेक्षेप्रमाणेच उठले. "बाईसाहेब, सरकारी नोंदीनुसार या म्हशीला लस दहा वाजून सात मिनिटांनी दिली गेली. बिल्ल्यानुसार दहा-बावन्नला. आणि याच गोठ्यातल्या बाकीच्या तीन जनावरांच्या बिल्ल्यांत तर सुईची खूणच नाही, पण लस दिल्याची नोंद आहे. चारही बिल्ले बिघडलेले दिसतात. असा पुरावा ग्राह्य धरू नये."

न्यायाधीशबाईंनी प्रणिताला साक्षीला बोलावलं.

"बनसोडे, हल्ला झाला की नाही, यावर तुमचं म्हणणं मला ऐकता येत नाही. कायद्यानं मनाई आहे. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. ते कलम मीच लिहून दिलं होतं."

न्यायाधीशबाईंची लेखणी क्षणभर थांबली. "मला फक्त नोंदीबद्दल विचारता येतं. दहा वाजून सात मिनिटांची नोंद कुणी केली?"

म्हणजे हिंदुरावांच्या बाजूनं ती एक शब्द बोलू शकत नव्हती. तिला तोंड उघडायची मुभा होती ती फक्त स्वतःविरुद्ध. मागं उमराणीकरांनी आता भिंतीवरची नजर काढून तिच्याकडं लावली होती.

"मी केली," ती म्हणाली. "ती खोटी आहे."

"नीट विचार करून बोला. याचे परिणाम तुम्हाला भोगावे लागतील."

"केलाय विचार. त्या दिवशी मी शाळेच्या पायरीवर उभं राहून एक्केचाळीस जनावरांची नोंद आधीच भरली. रेंज तिथंच असते म्हणून. टोचली फक्त तेरा. बिल्ले बरोबर आहेत. या म्हशीला सुई लागली ती दहा-बावन्नलाच, आणि त्या तिघींना लागलीच नाही. खडकवाडीत अठ्ठावीस जनावरं अजून टोचायची आहेत, आणि खाली लाळ्या आलाय. हे सगळं लिहून घ्या, बाईसाहेब. विशेषतः ते शेवटचं."

सरकारी वकील बसले. बसताना त्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, की त्यांनाही वाईट वाटलं असावं.

निकालाला वेळ लागला नाही. पट्ट्याची नोंद अपुरी, दुसऱ्या यंत्राच्या पुराव्यानं बाद; आरोपीला सोडून द्यावं. पट्टा खोटं बोलला असं न्यायाधीशबाईंनी लिहिलं नाही. त्यानं जेवढं ऐकलं तेवढंच सांगितलं, असं लिहिलं, आणि यापुढं अशा नोंदीपूर्वी आसपासची सगळी यंत्रं तपासावीत, असंही. पुढच्या परिच्छेदात पर्यवेक्षक बनसोडे यांच्याविरुद्ध खोट्या नोंदीबद्दल कारवाईचा आदेश होता, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या लसीकरणाच्या फेरतपासणीचाही. उमराणीकर तो परिच्छेद पुरा होण्याआधीच उठून गेले.

*

बाहेर पायऱ्यांवर खात्याचा शिपाई निलंबनाचं पत्र घेऊन उभाच होता. कुणीतरी फारच झटपट टाईप केलं होतं. प्रणितानं सही केली, पट्टा काढून त्याच्या हातात दिला. फोनवर नसीमचा निरोप आला होता, दोन आठवड्यांतला पहिला. 'खडकवाडी माझ्याकडे दिलीय. परवा जाते. तुझा राग गेलेला नाही.'

हिंदुराव आणि मालनकाकी खालच्या पायरीपाशी थांबले होते. हिंदुराव वाळले होते. आभार मानायला थांबलेला माणूस असा दिसत नाही, हे तिला लांबूनच कळलं.

"तुमच्यामुळं आत गेलो, तुमच्यामुळं भाईर आलो," ते म्हणाले. "फिटंफाट."

"फिटंफाट," प्रणिता म्हणाली. ते तिला मान्यच होतं.

"माज्या तीन म्हशी ऱ्हायल्यात म्हनं."

"परवा येतायत टोचायला. नसीम मुजावर म्हणून आहेत. हात फार चांगला आहे तिचा."

"पट्टा आसंल त्यांना?"

"असेल."

"मग मी आसं करतो, गोठ्याचं दार उघडून बांधावर जाऊन बसतो. त्यांचं त्यांनी टोचावं. म्या जवळ यायचा न्हाय."

आणि इतका वेळ, कोर्टात, साहेबांपुढं, नसीमपुढं जो राग प्रणितानं गिळून ठेवला होता, तो इथं उसळला. कुणापुढं उसळावा, तर ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याच्यापुढं!

"बांधावर? त्या म्हशींपुढं एकटी बाई सोडून तुम्ही बांधावर बसणार? काका, मी नोकरी घालवली ती तुम्ही बांधावर बसावं म्हणून नाही! म्हशीची मान तुम्ही धरायची. नसीमच्या अंगालगत उभं राहायचं. आणि तशी वेळ आली तर दंड धरून ओढायचं तिला, तुम्ही मला ओढलंत तसं. मागचापुढचा विचार करायचा नाही!"

येणारेजाणारे थबकले. शिपायानं पट्टा पिशवीत घातला होता, तोही बघत राहिला.

"आन् पट्टा परत बोलला, तर?" हिंदुरावांनी हळूच विचारलं.

"बोलू दे. मी परत येईन इथं. आता घालवायला नोकरीपण नाही माझ्याकडं, मोकळीच आहे."

मालनकाकीनं पिशवीतून नवऱ्याची टोपी काढली, झटकली आणि त्याच्या हातात दिली. हिंदुरावांनी ती डोक्यावर नीट बसवली आणि कोर्टासमोरच्या बाजाराकडं बघून म्हणाले, "त्या दांडगीला साधं दावं पुरायचं न्हाय. चल, हितनंच एक जाड बघून घिऊ. परवा लागंल."